कंठ फुटणे

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलो तेव्हा आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला हाक मारली आणि एक प्रवेशिका हातात ठेवली. पुण्याला युरोपातून आलेल्या मुलांच्या एका गायकवृंदाचा कार्यक्रम होता. सर स्वतःच जायचे होते, पण घरात आजारपण निघाले. "तू जाऊन ये. काही कळले नाही तरी हरकत नाही, पण शेवटपर्यंत बस. आणि आल्यावर वार्षिकासाठी लेख दे," एवढेच ते म्हणाले. मी 'हो' म्हणालो. सरांना 'नाही' म्हणायची मला सवय नाही.

खरे सांगायचे तर प्रवेशिका दाखवून गाणे ऐकायला मी तोवर कधी गेलो नव्हतो. आमच्या गावी गाणे म्हणजे पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, सप्ताहातले कीर्तन आणि लग्नातला बँड. त्यासाठी कुठे 'जावे' लागत नाही. ते आपल्याकडेच चालत येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा एस.टी.तून उतरून त्या सभागृहापाशी आलो, तेव्हा माझे सगळे लक्ष माझ्या चपलांकडे होते, हे कबूल करतो.

रंगमंचावर काहीच नव्हते. तंबोरा नाही, पेटी नाही, ध्वनिक्षेपकही नाही. एका कडेला पियानो होता, तोही बहुतेक वेळ मुकाच राहिला. मुले ओळीने आली आणि अर्धवर्तुळात उभी राहिली. मी मोजली, अडतीस होती. पुढच्या दोन ओळींत नऊ-दहा वर्षांपासून बारा-तेरापर्यंतची, मागच्या ओळीत माझ्याच वयाची वाटावीत अशी उंच मुले. गुरुजींनी कानाशी एक छोटा लोखंडी चिमटा धरला, हळूच एक सूर गुणगुणले आणि हात वर केला.

त्यानंतर जे ऐकू आले ते कोणत्या बाजूने आले हेच मला प्रथम समजेना. अडतीस तोंडे उघडलेली दिसत होती, पण आवाज एकाच गळ्यातून यावा तसा येत होता. त्यात कुणाचाच आवाज वेगळा काढता येत नव्हता. पहिले गीत संपले, गुरुजींचे हात अजून हवेतच होते आणि मी टाळ्या वाजविल्या. सभागृहात मी एकटाच! शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. गुरुजींनी मात्र हात खाली घेतल्यावर मागे वळून किंचित मान लवविली आणि मग सगळे सभागृह टाळ्या वाजवू लागले. गीत संपल्यानंतरची शांतता हाही त्या गीताचाच भाग असतो, हा मी त्या दिवशी शिकलेला पहिला धडा.

परत आल्यावर मी ग्रंथालयात बसलो. जे ऐकले ते काय होते आणि ते तसे का होते, हे समजून घ्यावेसे वाटले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट रचनेची. आपल्या भजनात शंभर माणसे असली तरी सगळे एकच चाल म्हणतात. मुख्य गायक ओळ टाकतो, टाळकरी ती झेलतात. युरोपीय गायकवृंदात एकाच वेळी तीन, चार किंवा अधिक वेगवेगळ्या चाली चाललेल्या असतात. सर्वांत उंच चाल सोप्रानो, तिच्याखाली आल्टो, मग टेनर आणि तळाशी बास. प्रत्येक चाल स्वतंत्रपणे गाता येते. पण त्या अशा बांधलेल्या असतात की एकमेकींना भिडल्या म्हणजे त्यांतून पाचवेच काही उभे राहते. पुढच्या ओळींतली लहान मुले वरच्या दोन चाली गात होती आणि मागची उंच मुले खालच्या दोन. एकजिनसी आवाजाचे रहस्यही यातच आहे. प्रत्येक मुलाने 'आ' किंवा 'ओ' हा स्वर तोंडाचा तोच आकार ठेवून काढायचा असतो. दीर्घ स्वरात सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजाऱ्याने घेतला की आपण थांबायचे. त्यामुळे स्वर कधीच तुटत नाही. स्वतःचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू येऊ लागला की चूक झाली असे समजायचे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. गाण्यासाठी मुलगेच का? याचे कारण संगीतात नसून धर्मात आहे. सभेत स्त्रियांनी मौन पाळावे, असे संत पॉलच्या एका पत्रात म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन मध्ययुगीन चर्चने उपासनेतील गायनातून स्त्रियांना दूर ठेवले. पण उंच पट्टीचे आवाज तर हवेच होते. ती उणीव मुलग्यांनी भरून काढली. जर्मनीतील लाइपझिगच्या संत थॉमस चर्चचा मुलांचा वृंद १२१२ साली सुरू झाला, तो आजही गातो. इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४१ साली केंब्रिजला किंग्ज कॉलेज स्थापन केले, तेव्हा तेथील प्रार्थनामंदिरासाठी सोळा गायक मुलांची तरतूद केली. ती संख्या आजही सोळाच आहे. व्हिएन्नाच्या दरबारी वृंदाचा आरंभ १४९८ साली सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने केला. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले, तेव्हा तो वृंदही बंद पडला. १९२४ मध्ये योझेफ श्निट या धर्मगुरूने तो पुन्हा उभा केला. आणि पैसा मिळावा म्हणून मुले चर्चबाहेर, गावोगावी कार्यक्रम करू लागली. अशा वृंदांचे आजचे जगभरचे दौरे आपण पाहतो त्यामागे पोटाचाही प्रश्न होता, हे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्या रंगभूमीचा इतिहास आठवला तर हे फार परके वाटत नाही. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी पुढे कित्येक वर्षे स्त्रीभूमिकांतून गाऊन महाराष्ट्राला वेड लावले. त्याही मागे घरंदाज स्त्रीला रंगमंच वर्ज्य हेच कारण होते. स्त्रीला दार बंद करायचे आणि मग तिच्या आवाजाची आठवण काढीत बसायचे, ही रीत दोन्हीकडची.

युरोपात ही रीत क्रूरतेपर्यंत गेली. मुलाचा उंच आवाज कायम राहावा म्हणून वयात येण्यापूर्वीच त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याला नपुंसक करीत. असे गायक इटलीत शेकडो वर्षे गात होते. पोपच्या सिस्टाइन प्रार्थनामंदिरात गाणारा अलेस्सांद्रो मोरेस्की हा त्यांतला जवळजवळ शेवटचा. १९०२ व १९०४ साली त्याच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या आणि १९२२ साली तो वारला. म्हणजे ही गोष्ट काही फार पुराणातली नव्हे.

लाइपझिगच्या त्या चर्चमध्ये १७२३ पासून १७५०पर्यंत, मृत्यू येईतो, योहान सेबास्टियन बाख संगीत शिकवीत असे. आज ज्याचे नाव घेताना लोक कानाला हात लावतात, तो बाख तेव्हा एका शाळेतला मास्तर होता. १७३० साली त्याने नगरपालिकेला एक तक्रारवजा निवेदन लिहिले. त्यात त्याने आपल्या मुलांची यादीच दिली आहे: सतरा उपयोगी, वीस अजून तयार न झालेले आणि सतरा अगदीच निरुपयोगी. चोपन्नांपैकी सतरा! एवढ्यांना हाताशी धरून त्याने जगातील थोर संगीत उभे केले. आमच्या वर्गाच्या निकालाची आठवण होऊन मला हे वाचताना धीर आला. पण त्या निरुपयोगी ठरलेल्या सतरा मुलांनी ती यादी पाहिली असेल काय, हाही विचार मनातून गेला नाही.

तिसरी गोष्ट शरीराची, आणि माझ्या लेखाचा विषय खरा तोच आहे. मुलगा वयात येऊ लागला की टेस्टोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकामुळे त्याचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. गळ्यावर कंठमणी दिसू लागतो. आतले स्वरतंतू लांब व जाड होतात. आणि जाड तार सावकाश कंप पावते, हे तंबोऱ्याची खर्जाची तार पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. लहान मुलाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला सुमारे अडीचशे वेळा कंप पावतात, तर प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात सुमारे सव्वाशे वेळा. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे काही एका रात्रीत होत नाही. मधल्या काही महिन्यांत आवाज कुठे जाईल याचा गाणाऱ्यालाच भरवसा नसतो. बाखच्या काळी हा बदल सोळा-सतराव्या वर्षी होई. आता खाणेपिणे सुधारल्याने तो बारा ते चौदाव्या वर्षीच होतो. मूल आठ-नऊ वर्षांचे असताना शिकू लागते, दहाव्या वर्षी तयार होते आणि तेराव्या वर्षी त्याचे ते गाणे संपते. चार वर्षे, फार तर पाच! एवढ्या थोड्या मुदतीचे दुसरे कोणते वाद्य असेल?

हायडनची गोष्ट प्रसिद्ध आहे. आठ वर्षांचा असताना, १७४० साली, त्याला व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथीड्रलमध्ये गायला आणले. आवाज फुटू लागल्यावर हा पोरगा गातो की आरवतो, असे खुद्द सम्राज्ञीने म्हटल्याचे सांगतात. १७४९ मध्ये त्याला काढून टाकले. अंगावरच्या कपड्यांनिशी तो रस्त्यावर आला. एका ओळखीच्या गायकाने आपल्या खोलीत जागा दिली म्हणून निभावले. शूबर्ट १८०८ साली दरबारी वृंदात आला. १८१२ च्या जुलैमध्ये त्याचा आवाज गेला, तेव्हा पंधरा वर्षांच्या त्या मुलाने आपल्या हातातल्या स्वरलिपीच्या कागदावर तारखेसह नोंद करून ठेवली, की फ्रान्झ शूबर्ट आज शेवटचा आरवला. ही नोंद वाचून प्रथम मला हसू आले. मग आले नाही.

कारण त्या कार्यक्रमात मी एक मुलगा पाहिला होता. पुढच्या ओळीतल्यांसारखाच पोशाख केलेला, पण तो ओळीत नव्हता. पियानो वाजला तेव्हा तो पाने उलटत होता. बाकी वेळ कडेला हात मागे बांधून उभा होता. सगळी मुले गात असताना त्याचे ओठ न उघडता किंचित हलत होते. त्याला सगळी गीते पाठ असणार. नुसते कडेला उभे राहणे म्हणजे काय असते, हे मला त्या सभागृहात बसलेल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होते.

आमचे आण्णा गावच्या भजनात मृदंग वाजवितात. दिवसभर साखर कारखान्यात पोती उचलणारे तेच हात पहाटे मृदंगावर पडतात. बाराव्या वर्षापर्यंत काकड्याला वरची पट्टी माझी असे. सगळे थकले की "आता पोराला म्हणू द्या" असे म्हणत. एके दिवशी कार्तिकातल्या पहाटे चढ्या सुरावर माझा आवाज दुभंगला. मी पुन्हा घेतला, पुन्हा तेच. मागून कुणीतरी म्हणाले, "रेडकू हंबारलं का काय?" सगळे देऊळ हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आण्णाही हसले. त्यानंतर सात वर्षे मी देवळात तोंड उघडले नाही. जायचो, टाळ वाजवायचो, आणि ओठ न उघडता म्हणायचो.

अशा वृंदांच्या गाण्याचे कौतुक करताना मुलांचे काय होते, हे विचारलेच पाहिजे असे मला वाटते. वसतिगृहातले जिणे, घरापासून दूर, रोजचे कित्येक तासांचे पाठ, आणि सगळी सत्ता गुरुजींच्या हाती. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग कॅथीड्रलचा वृंद हजार वर्षांहून जुना. १९४५ नंतरच्या काही दशकांत तेथील किमान ५४७ मुलांनी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात नमूद आहे. ते गाणे ऐकताना लोकांचे डोळे भरून येत होते, त्याच वर्षांत हे चालू होते. सूर शुद्ध लागला म्हणजे सगळे शुद्ध आहे, असे नसते. दुसऱ्या बाजूने काही दारे उघडलीही आहेत. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी कॅथीड्रलने १९९१ साली मुलींचा स्वतंत्र वृंद सुरू केला आणि पुढे इतरांनी तो कित्ता गिरविला. मुलींचा आवाजही वयात येताना थोडा उतरतो, पण मुलग्यांसारखा सप्तकभर नाही.

या परंपरेची एक फांदी आपल्या दारातही आहे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि उपासनेत गायला शिकवीत. गरिबाघरच्या मुलांनाही हे शिक्षण मिळे. त्या परंपरेत वाढलेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात जे नाव सगळ्या देशाने ऐकले ते या गुरूचे. आपण चित्रपटगीतात व्हायोलिनांचा ताफा ऐकतो, तेव्हा त्याच्या मुळाशी गोव्यातल्या एखाद्या चर्चच्या माळ्यावर गाणारी मुले असतात, हे मला ठाऊक नव्हते.

आता शेवटची गोष्ट. इंग्रजी आणि जर्मन भाषांत मुलाच्या आवाजातील या बदलाला आवाज 'मोडला' अशा अर्थाचा शब्द आहे. मोडणे म्हणजे मोडणे. त्यात दुसरा अर्थ नाही. आपण म्हणतो, 'कंठ फुटला'. मडके फुटते तसा, असे मी आजवर समजत होतो. पण मराठीत पालवीही फुटते, तांबडेही फुटते. पाखराला कंठ फुटला असे आपण म्हणतो तेव्हा ते गायला लागले असाच अर्थ असतो. आमच्या आजीने हा शब्द माझ्याविषयी वापरला होता, आणि हसून नव्हे. मी तेव्हा नीट ऐकले नव्हते.

त्या कार्यक्रमात मागच्या ओळीत उभी असलेली उंच मुले कोण, हेही मला ग्रंथालयातच समजले. लाइपझिग किंवा ड्रेस्डेनसारख्या वृंदांत आवाज फुटलेल्या मुलाला काढून टाकत नाहीत. काही काळ तो विश्रांती घेतो, आणि नवा आवाज बसला की मागच्या ओळीत जाऊन टेनर किंवा बास गातो. अठरा वर्षांचा होईपर्यंत. म्हणजे मागच्या ओळीतला प्रत्येक जण पूर्वी कधीतरी पुढच्या ओळीत होता, आणि मधला काही काळ कडेला उभा होता. त्या पाने उलटणाऱ्या मुलाची जागा ठरलेलीच होती.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. काकडा सुरू होता. आण्णांनी विचारले, "पुण्याला काय बगितलंस?" मी म्हणालो, "पोरं गात होती." ते म्हणाले, "आरं, मग त्यात एवढं काय? आपली पोरं गात्यातच की." मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर देवळात गेलो. आता वरची पट्टी माझ्या चुलतभावाची आहे. तो दहा वर्षांचा आहे. मी मागे, खांबापाशी उभा राहिलो. तो चढला तेव्हा मी त्याच्या खाली, माझ्या आवाजाला झेपेल तिथे, तीच ओळ म्हटली. वेगळी चाल मला येत नाही, आमच्या भजनात ती बसणारही नाही. मी फक्त एक सप्तक खालून म्हणत होतो. कुणी हसले नाही. कुणाचे लक्षही गेले नाही. फक्त आण्णांनी मान वळवून एकदा पाहिले. मृदंग थांबला नाही.

घरी येताना वाटेत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कंठ फुटला म्हनायचा तुझा."

"सात वर्सं झाली, आण्णा," मी म्हणालो.

"असू दे. उद्या म्होरं उभा ऱ्हा."

— द्वितीय वर्ष, कला